मारायचं नाही, पण वाढूही द्यायचं नाही : घरातली ॲलर्जी आणि आपला यत्नाचार



‘मला बाई धुळीची ॲलर्जी आहे’ हे वाक्य आपल्या बायकांत आता गुडघेदुखीइतकं सरसकट झालं आहे. पण धुळीत नेमकं असं काय असतं ज्याने शिंका येतात, हे विचारलं तर बहुतेक जणी गप्प होतात. उपायाचं विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली. एक, ‘फवारा मारून घ्या, सगळं मरून जाईल.’ दुसरं, ‘आपण जैन, जीव मारायचे नसतात, थोडं सोसावं.’

मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. घरातल्या ॲलर्जीवर मारणं हा धर्माच्या दृष्टीने उपाय नाहीच, वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही तो अपुरा आहे. आणि सोसणं याला तर उपाय म्हणताच येत नाही. जीव उत्पन्न होतील अशी परिस्थितीच घरात होऊ न देणं हा खरा उपाय, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांना यत्नाचार म्हणून शिकवलेला होता. मात्र आपल्याच काही सवयी आज त्याच्या आड येतात आणि त्याबद्दल आपण आपापसांत मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून आज लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेली, सांगलीत चाळीस वर्षं संसार केलेली बाई आहे. नातवाला दमा निघाल्यापासून डॉक्टरांना प्रश्न विचारून, वाचून आणि वहीत टिपून जे समजलं ते सांगते. औषध मात्र तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

शरीराचा पहारेकरी

‘ॲलर्जी’ हा शब्द फार जुना नाही. व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो १९०६ मध्ये पहिल्यांदा वापरला. आपल्या शरीरात रोगजंतूंना ओळखून हाकलणारी एक यंत्रणा असते. काही जणांत ती यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी गोष्टीलाच शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करून ठेवते. पुढच्या वेळी ती गोष्ट नाकात गेली की काही मिनिटांत हिस्टामिन वगैरे रसायनं सुटतात. मग नाक खाजतं, पाणी वाहतं, शिंकांवर शिंका येतात, डोळे लाल होतात. हेच छातीत उतरलं तर श्वासनलिका आवळतात आणि घरघर सुरू होते.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. तिच्यासोबत अंग दुखतं, कधी कणकण येते. ॲलर्जीत ताप नसतो, नाकाला, डोळ्यांना आणि टाळूला खाज असते, सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात आणि हे महिनोन्महिने चालतं. ‘माझा सर्दीचा कोठाच आहे’ असं म्हणणाऱ्या भगिनींनी हा फरक एकदा स्वतःशी ताडून पाहावा.

घरात त्रास देणाऱ्या गोष्टींचे दोन गट आहेत. पहिल्या गटात खऱ्या ॲलर्जीची कारणं येतात : धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, झुरळं, मांजर-कुत्र्याचा कोंडा. दुसऱ्या गटात नुसती चुरचुर करणाऱ्या गोष्टी आहेत : धूर, उग्र वासाचं फिनेल, डांबरगोळ्या, अत्तर, फोडणीचा ठसका. आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला या दुसऱ्या गटातल्या गोष्टी डिवचतात. आपल्याला कोणता गट भोवतो हे कळल्याशिवाय सगळंच सोडून देण्यात अर्थ नाही.

त्यासाठी वही ठेवा. जमाखर्चाच्या वहीसारखेच रकाने आखा : तारीख, वेळ, घरातली कुठली जागा, तेव्हा काय काम चाललं होतं, हवा कोरडी की दमट, आणि काय त्रास झाला. महिन्याभरात हिशेब दिसायला लागतो. त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करायची झाली तर डॉक्टर सांगतील. पण चाचणीत एखादी गोष्ट निघाली म्हणजे त्रास तिच्यामुळेच होतो असं दर वेळी नसतं. चाचणीचा कागद आणि तुमची वही, दोन्ही जुळवून पाहावं लागतं.

गादीत काय राहतं

घरातली धूळ म्हणजे फक्त रस्त्यावरून आलेली माती नव्हे. तिच्यात कापडाचे तंतू असतात, आपल्याच कातडीचा झडलेला कोंडा असतो आणि तो कोंडा खाऊन जगणारे सूक्ष्म किडे असतात. धुळीच्या ॲलर्जीचं मूळ या किड्यांत आहे, हे हॉलंडमधल्या लायडन शहरात व्होरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिलं. किड्याची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाइतकी, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. तो चावत नाही, रोगही पसरवत नाही. त्याच्या विष्ठेच्या आणि शरीराच्या बारीक कणांतली प्रथिनं आपल्या नाकाला सोसत नाहीत, एवढंच.

त्याची राहण्याची जागा म्हणजे गादी, उशी, रजई, सोफा, गालिचा आणि मुलांची कापडी खेळणी. तो पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्याला जगणं अवघड होतं.

आता फवाऱ्याचं पाहू. फवाऱ्याने किडा मेला असं धरा. पण त्याचं शरीर आणि विष्ठा तिथेच गादीत राहतात, आणि ॲलर्जी तर त्यांचीच असते. जीव गेला, त्रास मात्र राहिला. झुरळांचंही तेच. त्यांची लाळ, विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचा भुगा कपाटामागे महिनोन्महिने पडून राहतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांतील दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे कण जास्त होते, त्यांना दवाखान्यात भरती करण्याची वेळ इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आली होती. त्यात झुरळाच्या फवाऱ्याचा उग्र वास दमेकऱ्याच्या छातीला वेगळाच त्रास देतो. म्हणजे हिंसा करून हाती काय आलं, तर तोटा.

पिठाच्या मर्यादेतलं शास्त्र

आपल्याकडे दळलेल्या पिठाची मर्यादा ठरलेली आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात. लहानपणी आपण हे नियम म्हणून पाळले. पण नीट पाहा, पीठ तेच, डबा तोच, तरी ऋतूप्रमाणे दिवस का बदलतात? कारण ओल वाढली की जीवोत्पत्ती लवकर होते. साठवलेल्या पिठातही सूक्ष्म किडे होतात आणि त्यांचीही ॲलर्जी येते, हे आता वैद्यकशास्त्र सांगतं. दमट हवेत फार दिवस साठवू नका, हा नियम फक्त पिठाला लावून आपण थांबलो. तो गादीला, कपाटाला आणि भिंतीलाही लावायला हवा होता.

सांगली-कोल्हापूरच्या बायकांना ओल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत ज्यांच्या घरात कृष्णेचं, पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांच्या भिंती कितीतरी दिवस ओल धरून होत्या. ओल्या जागी बुरशी एक-दोन दिवसांत धरायला लागते. तिच्यावर रंगाचा हात मारला की दिसणं बंद होतं, पण आत ती वाढत राहते आणि तिचे बीजाणू हवेत उडत राहतात. आधी गळती थांबवायची, भिंत पूर्ण सुकू द्यायची, खराब गिलावा काढायचा, मग रंग. पूर नसलेल्या घरातही पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालणं आणि कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवणं, याने तेच होतं. कपाट चार बोटं पुढे ओढा, आंघोळीनंतर न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा, पाऊस उघडला की दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून चूल झाकण्याच्या आपल्या रीतीचाही इथे उपयोग आहे. रात्री ओटा कोरडा, भांडी घासलेली, डबे बंद आणि खरकटं घराबाहेर असेल तर झुरळाला यायला कारणच उरत नाही. पण जेवण सूर्यास्तापूर्वी आणि चहाचे कप रात्रभर मोरीत, असं चालत असेल तर नियमाचा अर्धा लाभ वाया जातो.

गादी उन्हात घालणं ही हिंसा का?

हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. दमेकऱ्याचं अंथरूण-पांघरूण आठवड्यातून एकदा साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावं, असं डॉक्टर सांगतात. त्यात किडे मरतात. कडक उन्हातही कोरडे पडून मरतात. जीव मरत नाहीत असं मी म्हणणार नाही.

पण आपल्या शास्त्रांत हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्याच हेतूने मारणं, पूर्ण सोडायचं. दळण-कांडण, धुणं-पुसणं यांत होणारी आरंभी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, ती यत्नाने कमीत कमी करायची. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, महत्त्व आहे.

मग बेसावध कोण? दर आठवड्याला चादर बदलणारी, की सहा महिने गादीला ऊन न दाखवणारी? एक मादी दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात कित्येक डझन अंडी घालते. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. आठवड्याला हिशेब मिटवला तर थोडक्यात भागतं, वर्षभर थकवला तर शेवटी हजारो जीवांवर पाणी ओतावं लागतं. माझ्या मते वेळच्या वेळी धुणं यातच कमी हिंसा आहे. गरम पाण्याचं धुणं मी फक्त आजारी माणसाच्या अंथरुणापुरतं ठेवते. त्याच्या गादीला आणि उशीला घट्ट विणीच्या, चेन लावलेल्या खोळी घातल्या आहेत. त्यामुळे आतलं बाहेर येत नाही आणि आतल्यांना नवं खाद्यही मिळत नाही. एकट्या खोळीने भागत नाही, बाकीचं करावंच लागतं.

सगळ्यात सोपा उपाय मात्र अपरिग्रहाचा. पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर रचलेल्या पंधरा गाद्या, तीन थरांचे पडदे, शोकेसमधली पन्नास खेळणी, जुन्या साड्यांचे गठ्ठे. या वस्तूंवर धूळ बसते, ती कोणीतरी झाडायची आणि कोणीतरी शिंकायचं. जेवढं वापरता, तेवढंच ठेवा.

धूप कसा वाहायचा

आता जरा नाजूक विषय. देवघरातली उदबत्ती, धूप, आणि संध्याकाळी डासांसाठी लावलेली कॉइल. सुवासिक असला तरी तो धूरच असतो आणि त्यातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. घरात कोणी सिगारेट ओढली तर आपण त्याला बाहेर काढू, आणि मुलाच्या उशाशी कॉइल मात्र आपणच लावतो. त्यापेक्षा मच्छरदाणी बांधावी. तिने डासही मरत नाही आणि मूलही खोकत नाही.

धूप हे अष्टद्रव्यांतलं एक द्रव्य आहे, ते सोडा असं मी सांगत नाही. पण आपल्यातल्याच तेरापंथी परंपरेत पुष्पाच्या जागी केशरी तांदूळ वाहतात. फुलातल्या जीवांसाठी द्रव्य बदललं, भाव बदलला नाही. मग घरात दमेकरी मूल असताना धूप अग्नीत न टाकता चंदनाची पूड नुसतीच वाहिली, तर पूजा कमी होईल का? मला तसं वाटत नाही. मंदिरात गाभारा लहान आणि गर्दी मोठी असते तेव्हा एकच धूपदान आणि उघडी खिडकी, एवढं तर विश्वस्तांना सांगता येईल. हे बोलायला बायकांनीच पुढे व्हावं, कारण छातीचा त्रास घेऊन रात्र रात्र बसलेली मुलं आपल्याच मांडीवर असतात.

खिडकीतली कबुतरं

२०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा गदारोळ झाला आणि त्यात आपला समाज पुढे होता. मुक्या जिवाची कणव आपल्या रक्तात आहे, त्याचा मला अभिमानच आहे. पण घराच्या खिडकीत दाणे टाकण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे : टाकू नयेत.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेचे आणि पिसांच्या भुग्याचे कण वर्षानुवर्षं श्वासात गेले तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. हा आजार शिंकांच्या ॲलर्जीपेक्षा वेगळा आहे. सुरुवातीला कोरडा खोकला येतो आणि जिना चढताना धाप लागते. वेळीच ओळखला नाही तर फुप्फुसाला कायमचे व्रण पडतात, ते भरून येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये एसीच्या यंत्रामागे घरटी असतात आणि ती धूळ थेट झोपायच्या खोलीत येते.

यात कबुतराचं तरी भलं होतं का? आयतं खाणं मिळालं की ती वर्षभर अंडी घालतात. एवढ्याशा कट्ट्यावर पिल्लं दाटीवाटीने वाढतात, खाली पडतात, पंख्यात सापडतात. जीवदया करायची तर तेच धान्याचे पैसे पांजरपोळीला द्या, आजारी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना द्या.

घरटं असेल तर ते उचलून फेकायचं नाही. अंड्यातून पिल्लू यायला अठराएक दिवस आणि उडायला पुढे महिना-सव्वा महिना लागतो. तेवढा काळ ती खिडकी बंद ठेवा. पिल्लं उडाली की जागा आधी पाण्याने भिजवा, तोंडाला मास्क बांधून साफ करा आणि मगच जाळी लावा. कोरडी विष्ठा कधीही झाडायची नाही. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांनी हे काम त्याच्यासमोर करू नये.

दया करताना क्रम लक्षात ठेवावा असं मला वाटतं. घरातलं धापा टाकणारं मूलही पंचेंद्रिय जीवच आहे.

जिला त्रास, तिच्याच हाती झाडू

आपल्या घरांत ॲलर्जी असणारी आणि झाडलोट करणारी बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते. सुनेला शिंका येतात आणि सासू म्हणते, ‘आम्ही नाही का झाडलं इतकी वर्षं? होईल सवय.’ ॲलर्जीची अशी सवय होत नाही. उलट दुर्लक्ष केलं तर काही जणींचा नाकाचा त्रास पुढे छातीत उतरतो. झाडताना उडालेले कण अर्धा तास तरी खाली बसत नाहीत. म्हणून जिला त्रास आहे तिने झाडू नये, झाडताना खोलीतही थांबू नये. मुलगा आहे, नवरा आहे, त्यांनी झाडावं. मऊ केरसुणीने हळू झाडलं तर मुंगीही वाचते आणि धूळही कमी उडते. नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. गादी पिंजून घ्यायची असेल तर घरापासून लांब, आणि त्या दिवशी दमेकऱ्याला दुसऱ्या घरी पाठवावं.

दुसरी गोष्ट पंपाची. दम्याचा पंप मुलीला दिला तर ‘सवय लागेल’, ‘लग्नाला अडचण येईल’ म्हणून तो लपवला जातो. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. त्याचं व्यसन लागत नाही. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप बरं वाटलं म्हणून मनाने बंद केला की आतली सूज पुन्हा वाढते आणि एखाद्या रात्री दवाखाना गाठावा लागतो. रात्री खोकल्याने जाग येणं, छातीत घरघर, बोलताना धाप लागणं ही लक्षणं असतील तर घरगुती काढ्यावर वेळ काढू नका.

दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्या दमेकरी भगिनींनी पर्व सुरू होण्याआधी डॉक्टरांना आणि महाराजांना किंवा माताजींना, दोघांनाही विचारून आपला नियम ठरवावा. शक्ती पाहून तप करावं, असंच आपल्याला शिकवलं आहे. छाती भरून आलेली असताना पंप बाजूला ठेवून बसणं मला तप वाटत नाही.

या चातुर्मासात एखादा नियम घ्यायचा असेल तर यातला एक घ्या. रविवारी चादरी-अभ्रे बदलणं घ्या, वापरात नसलेल्या गाद्या देऊन टाकणं घ्या, झोपायच्या खोलीत धूर न करणं घ्या, किंवा घरातल्या शिंकणाऱ्या बाईच्या हातून झाडू काढून घेणं घ्या. तुमची वही महिन्याभराने काय सांगते ते मंदिरात भेटाल तेव्हा मला जरूर सांगा.

जय जिनेंद्र.